इरावतीची पाठ

शनिवार, ५ जुलै

इरावतीनं बाहेरून दार ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या मेघनानं टाळ्या वाजवल्या. काल, सहाच्या खेळाला, परळच्या थेटरात. माझं सगळं तिथे फिरलं.

कुणाशी बोलायची सोय राहिली नाही म्हणून इथे लिहितोय. आधी स्वतःलाच नीट सांगतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. ‘ध्रुवापार’चा पहिला भाग आठ वर्षांपूर्वी आला, मी शाळेत होतो. इरावती यान घेऊन ध्रुवताऱ्याच्या पलीकडे जाते. खाली किनाऱ्यावरच्या केंद्रात सदानंद रेडिओवर तिच्याशी बोलत असतो. संपर्क तुटतो. सगळे घरी जातात, हा खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, “मी इथेच आहे.” संपला पिक्चर. ते वाक्य छापलेला टी-शर्ट माझ्याकडे आहे, काखेत विरलाय तरी घालतो. कॉलेजात मेघनाशी ओळख त्या टी-शर्टमुळेच झाली. नंतर प्रॅक्टिकलच्या सरांशी राडा झाला आणि मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. कॉलेजातलं तेवढं एकच माणूस माझ्याकडे राहिलं.

आणि आता दुसरा भाग. इरावती परत येते. सदानंदचे केस पांढरे झालेत. तो उठतो, तिच्यासमोर उभा राहतो आणि बोलत सुटतो, कसा थांबला, काय काय सोसलं. ती ऐकते. मग दारातून बाहेर जाते आणि दार लावून घेते. बस. ह्यासाठी आठ वर्षं. दार लागताना पडद्यावर काय चाललं होतं ते मी धड बघितलंही नाही. मी मेघनाच्या हातांकडे बघत होतो.

बाहेर आल्यावर विचारलं, “काय आवडलं तुला त्यात?”

“त्याचं सगळं ऐकून घेतलं ना तिनं. मग गेली.”

“अगं, आठ वर्षं थांबला तो.”

“थांबला. पण एकदा तरी विचारलं का त्यानं, की बाई, तिकडे तू काय बघितलंस?”

मी म्हटलं, दमून आलेल्या माणसाला कोण प्रश्न विचारतं. ती हसली, टॅक्सी केली आणि गिरगावला गेली. मध्यंतरात म्हणाली होती, तुला एक सांगायचंय. ते राहूनच गेलं. मीच म्हटलं होतं, पिक्चर संपू दे आधी.

सोमवार, ७ जुलै

ग्रुपवर दोन पार्ट्या झाल्यात. ‘ध्रुवापार, गिरगाव ते दादर’ हा ग्रुप मी काढला, मीच चालवतो. एक पार्टी खुर्चीवाल्यांची, म्हणजे आमची. सदानंद खुर्चीत बसून राहिला ते खरं, बाकी दिग्दर्शकानं माती खाल्ली. दुसरी दारवाल्यांची. त्यांचं म्हणणं, शेवटी दार लागतं तीच पिक्चरमधली एकमेव खरी गोष्ट. मी लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला. शेवटी म्हटलं की ज्यांची वाट बघायला कुणी नाही त्यांनाच हा पिक्चर आवडणार. बोलल्यावर बरं वाटलं. अर्ध्या तासानं नाही वाटलं.

दीपक आमच्याच चाळीतला, पाळण्यापासूनचा दोस्त. तो दारवाला निघाला. त्यानं लिहिलं, “भाई, पिक्चर आहे. तुझ्या घरातली बाई पळून नाही गेली.” मी त्याला ग्रुपमधून काढलं. मग तत्त्व म्हणून सगळ्या दारवाल्यांना काढलं. त्यात मेघनाही गेली. तिला एकटीला ठेवलं असतं तर लोक काय म्हणाले असते?

ती विचारेल, मला का काढलंस, म्हणून दुपारभर फोन हातात धरून बसलो. विचारलं नाही.

आई म्हणाली, “त्या बायेक जावचा होता, ती गेली. तुका कित्याक ताप? चल, घावणे थंड होतत.”

रविवार, १३ जुलै

आज सगळं मस्त. मेघनाचा फोन आला, दादरला येतोस का, स्वेटर घ्यायचाय. ग्रुपचं नावही काढलं नाही. जुलैत, मुंबईत स्वेटर. दुकानदारानं माळ्यावरून गाठोडं उतरवलं, धूळ झटकली आणि आमच्याकडे असा बघत राहिला की जणू आम्ही फटाके मागितलेत.

तिनं एक राखाडी स्वेटर उचलला आणि माझ्या पाठीला लावून बघितला. “मोठाच हवा,” म्हणाली, “आत दोन कपडे बसले पाहिजेत.” तिची बोटं मानेला लागत होती. माझा वाढदिवस सप्टेंबरात असतो हे तिला माहीत आहे. मी काही विचारलं नाही, उगाच गंमत जायची.

नंतर पियूष प्यायलो. ती म्हणाली, “हितू, पुढची दोन वर्षं तू काय करणार आहेस?”

मी म्हटलं, तिसरा भाग आला तर बघणार नाही, एवढं नक्की. मग मी तिला सांगत बसलो की पहिल्या भागातला रेडिओचा आवाज दुसऱ्या भागात कसा बदललाय आणि ते कसं चूक आहे. ती चमच्यानं ग्लासाचा तळ खरवडत राहिली. पियूष केव्हाच संपलं होतं.

ठरवलंय. गणपतीच्या पहिल्या दिवशी विचारायचं. आपण तर सांगणार, मी इथेच आहे. तिला कळेल.

रविवार, २० जुलै

मंडळाची मीटिंग. करी रोडला आमचं मंडळ तसं छोटं, गल्लीपुरतं, पण हलता देखावा आम्ही सोडलेला नाही. बाहुले मोटरवर हलतात, मागून निवेदन लागतं, आणि लोक आमच्या बाप्पाला येतात ते त्यासाठीच. तो देखावा बंडूकाकांच्या लालबागच्या कारखान्यात बनतो. कॉलेज सोडल्यापासून मी तिथेच कामाला आहे. मोटरी, वायरी, हात, माना सगळं माझ्याकडे. यंदा मी ‘ध्रुवापार’ सुचवला आणि पास झाला. बंडूकाका म्हणाले, “बरं झालं. सारख्या दाढ्या चिकटवून कंटाळलो. अंतराळात दाढी नसते.”

पण शेवट कुठला दाखवायचा, ह्यावर दीपक उठला. जसा पिक्चरमध्ये आहे तसाच, ती जाते, दार लागतं. मी उठलो. बघता बघता मीटिंग राहिली बाजूला आणि आमची जुंपली. पोरं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. ज्यांनी पिक्चर बघितला नव्हता ते सगळ्यात जोरात ओरडत होते.

शेवटी आमचे अध्यक्ष, गंगाधर अण्णा, काठी आपटून म्हणाले, “मूर्ती कुठे बसणार?”

“नेहमीच्या जागी. आत, भिंतीला,” बंडूकाका.

“आणि ही बाई?”

“ती मूर्तीच्या पुढून चालत दारापर्यंत जाणार.”

“म्हणजे देवाकडे पाठ करून?”

आमच्याकडे मोठी माणसं गाभाऱ्यातून निघतानासुद्धा चार पावलं उलटी चालतात. अण्णा म्हणाले, “अकरा दिवस, दर दहा मिनिटांनी, एक बाई बाप्पाला पाठ दाखवून जाणार? जमणार नाही. बाई परत येते आणि उभी राहते. विषय संपला.”

दीपक म्हणाला, “अण्णा, शेवटी ती बघते.”

“कुठे बघते?” मी म्हटलं. “खोटं बोलू नको. दार लागतं, संपतं.”

म्हणजे मी जिंकलो. पोरांनी खांद्यावर थापा मारल्या. घरी येईपर्यंत सारखं वाटत होतं की कुणीतरी विचारेल, तू कसा काय जिंकलास? आणि मला सांगावं लागेल की माझ्या म्हणण्यामुळे नाही, मूर्तीच्या जागेमुळे.

शनिवार, २ ऑगस्ट

मेघना निवेदनासाठी कारखान्यात आली. इरावतीचा आवाज तिचाच हवा हे मी आधीपासून धरून ठेवलं होतं. इरावतीचा बाहुला तेव्हा उभाच होता, अर्धा रंगवलेला, एक हात नसलेला. ती त्याच्याभोवती फिरली.

“ही परत येते तुमच्याकडे?”

“हो. सदानंदसमोर येऊन थांबते आणि म्हणते, मी आले. दिवे बंद.”

“बरं,” म्हणाली. चार वेळा म्हणून घेतलं मी तिच्याकडून ‘मी आले’. चारही वेळा सपाट. दूधवाला दारात आल्यासारखं.

“जरा जीव ओत ना. इतकी लांबून आलीस तू.”

“लांबून आले म्हणूनच दमलेय,” ती म्हणाली. बंडूकाका हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

चहा पिताना विचारते, “हितू, तू शेवट नीट बघितलास ना? अगदी शेवट?”

“दार लागतं. त्यात बघायचं काय?”

“परत बघ एकदा. मी काढते तिकीट.”

“त्या पिक्चरला मी परत पाय ठेवणार नाही. तत्त्व आहे.”

तिनं कप खाली ठेवला. जाताना बाहुल्याच्या त्या एका हाताशी हात मिळवला आणि म्हणाली, “चल ग.” मला तेवढंही म्हणाली नाही. मी मोटरला तेल घालत होतो, तेही असेल.

रविवार, १० ऑगस्ट

निवेदन ऐकवायच्या निमित्तानं ठाकूरद्वारला तिच्या घरी गेलो. त्रिलोकेकरांचं घर म्हणजे शिसवी कपाटं, त्यात पणजोबांचे पगडीतले फोटो, आणि मी बसलो की खुर्ची कुरकुरते. मेघना बाहेर गेली होती. माळ्यावरच्या बॅगा खाली काढून उन्हात ठेवल्या होत्या. गावाला जाणार असतील गणपतीत.

तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, त्यांच्याकडचं भाजाणं बशीत वाढून पुढे ठेवलं आणि नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, “आता काय ते नीट भेटून, बोलून घ्या रे तुम्ही दोघं. मी कधी अडवलंय का?”

जिना उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते. काकूंनाही चालेल. त्या स्वतःहून बोलल्या. एवढं सगळं सरळ असताना मी महिनाभर का कुढत होतो कळत नाही. गणपतीचा पहिला दिवस. पक्कं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदन झालं. तिथून दीपक मागोमाग कारखान्यात आला. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

“तू तिला काही विचारलंस की नाही?”

“तुला काय करायचंय? पहिल्या दिवशी विचारणार आहे.”

“पहिल्या दिवशी?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “हित्या, ती तेवीसला जातेय. नैनितालला, वेधशाळेत. दोन वर्षं. मेमध्येच कळलंय तिला. आख्ख्या ग्रुपला माहितीये.”

“माझ्या ग्रुपवर तर कुणी बोललं नाही.”

“तुझ्या ग्रुपवर तुझ्यासारखे सहा जण उरलेत. आम्ही दुसरा काढलाय.”

पुढचं मला नीट आठवत नाही. सदानंदची खुर्ची समोर होती, तिला लाथ घातली. पाय तुटला, खुर्चीचा. बंडूकाका ब्रश खाली न ठेवता म्हणाले, “झालं? आता तो सदानंद बसणार कशावर, तुझ्या डोक्यावर?”

स्वेटर. दोन कपडे आत बसले पाहिजेत.

पण मग माझ्या पाठीला का लावून बघितला? आणि काकू तसं का म्हणाल्या? की तसं म्हणाल्याच नव्हत्या? कोण खोटं बोललं ते शोधतोय. कुणीच सापडत नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

खुर्चीला नवा पाय बसवला. मूळचे तीन काळे आहेत, हा पांढरा दिसतो. रंगवला तरी दिसतोच.

आज पहिल्यांदा वाटलं की इरावतीला मी समजून घ्यायला हवं होतं. दुपारी वाटलं, अजिबात नाही, ती नालायक होती. आता वाटतंय, हे मी कुणाबद्दल लिहितोय.

गुरुवार, २१ ऑगस्ट

तिचा मेसेज. “शनिवारी दुपारी निघते. सकाळी येशील? घरी, स्टेशनवर नको. स्टेशनवर आत्या आहे, दहा प्रश्न विचारेल.”

“मी इथेच आहे” असं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं. आई बघत होती. म्हणाली, “थयसर जावक तुझे पाय मोडले काय?”

शनिवार, २३ ऑगस्ट

आधी संध्याकाळचं लिहितो. सकाळचं नंतर, ते लिहायला हात धजावला पाहिजे.

संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात अण्णांकडे गेलो. म्हटलं, “अण्णा, शेवट बदलायचाय. ती जाते, असंच ठेवू.”

दीपक कोपऱ्यात पावतीपुस्तकावर शिक्के मारत होता, त्याचा शिक्का हवेतच राहिला. अण्णा म्हणाले, “अरे, पाठीचं काय?”

“तुम्ही एकदा उठा. बाहेर जा आणि बाहेरून दार ओढून घ्या.”

“मला बाहेर काढतोस?”

“अण्णा, पाया पडतो. एकदाच.”

कुरकुरत उठले. आत भिंतीवर बाप्पाची तसबीर आहे. अण्णा तिला पाठ करून चालत बाहेर गेले, उंबरठ्यापलीकडे वळले, कडी धरली आणि दार ओढायला लागले. दार सावकाश मिटत आलं आणि फटीतून त्यांचा चेहरा दिसत राहिला, चष्म्यासकट, सरळ बाप्पाकडे. आपोआप त्यांचा दुसरा हात छातीशी गेला.

दार परत उघडलं. अण्णांनी कडी सोडली नव्हती. “पाठ नाही रे,” म्हणाले. “शेवटी तोंड आतच असतं.”

दीपक म्हणाला, “मी महिनाभर तेच सांगतोय. ती शेवटी बघते. कितीतरी वेळ बघते. तू कुठे बघत होतास?”

मी सांगितलं नाही कुठे बघत होतो.

बंडूकाकांनी डोक्याला हात लावला. बाहुल्याला वळायला फिरती तबकडी हवी, दाराला वेगळी मोटर, आणि चौथ्या दिवशी गणपती. दीपक म्हणाला, तबकडी मी करतो. मग काका म्हणाले, “करू. गणपतीचं काम वेळेत झालंय असं कधी ऐकलंयत?” निवेदनातलं मेघनाचं ‘मी आले’ आता लागणार नाही. ते काढलं. पुसलं नाही.

आता सकाळचं.

रस्ताभर भाषण तयार केलं होतं. वर गेलो तर घरात ती एकटी. काकू वाण्याकडे, वडील टॅक्सी ठरवायला. बॅगेवर तो राखाडी स्वेटर. मी बसलो नाही. उभ्यानंच सुरू झालो. मी कसा थांबलो, ग्रुपवर तिच्यासाठी सगळ्यांशी कसा भांडलो, कॉलेज सुटल्यापासून दुसरं कुणी कसं नाही, आणि तिनं मला एका शब्दानं सांगू नये. ती ऐकत होती. मध्ये बोलली नाही, घड्याळ बघितलं नाही. आणि बोलता बोलता मला कळलं की ही अशी ऐकणारी बाई मी आधी कुठे बघितलीय.

माझं वाक्य अर्धवटच राहिलं.

पंखा फिरत होता. ती म्हणाली, “झालं?”

“नाही. हो.” मग विचारलं, “तिकडे तू काय बघणार?”

ती बॅगेवर बसली. आधी माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा तर करत नाही ना. मग सांगायला लागली. एक तारा आहे, त्याचा उजेड मध्येच मंदावतो आणि परत वाढतो, आणि का ते कुणाला धड माहीत नाही. थंडीत घुमट उघडा ठेवून बसावं लागतं, हीटर लावता येत नाही, हवा हलते म्हणून. हात हलवत सांगत होती. मला निम्मं कळलं नाही. कॉलेज सोडल्याचा पहिल्यांदाच राग आला, आणि तो नेहमीसारखा दुसऱ्या कुणाचा नव्हता. दोन-तीन वेळा विचारलं, म्हणजे काय? तिनं परत सांगितलं. तीन वर्षांत ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. की बोलली होती?

“मेमध्ये का नाही सांगितलंस?”

“सांगायला आले की तू रेडिओ लावायचास.” आणि मग, “विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

“काय?”

“जे विचारलं असतंस ते.”

म्हणजे काय असतं ते? दिवसभर तेच उलटसुलट करतोय. काय विचारायला हवं होतं मी? की ते आज सकाळीही विचारता आलं असतं?

“माझ्या पाठीला का लावून बघितलास मग स्वेटर?”

“बाबांचे आणि तुझे खांदे सारखे. घरात सगळ्यात मोठं माप त्यांचं, मला तेवढा सैल हवा होता.” आणि लाल झाली, किंवा उकडत होतं. मला सांगता येणार नाही.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. जिन्यातून काकूंचा आवाज, मेघू, डबा घेतलास का. मी म्हटलं, निघतो. ती म्हणाली, “दार ओढून घे रे. शेजारचं मांजर येतं आणि बॅगेत जाऊन बसतं.”

मी बाहेर आलो. जुनं दार, जड, पितळी कडीचं. आपटायची सवय माझी, घरात आई नेहमी ओरडते. कडी धरली आणि ओढायला लागलो, तेव्हा कळलं की ओढायचं तर वळावं लागतं. ती मधोमध उभी होती. ऑगस्टच्या उकाड्यात स्वेटर डोक्यातून घालून बघत होती, मान आत अडकलेली, हात बाहेर. मग डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले, आणि तिनं बघितलं मी अजून आहे ते. फट लहान होत गेली, आधी बॅग गेली, मग खिडकी, मग नुसती ती उरली. मी सावकाश ओढून घेतलं, आवाज होऊ दिला नाही.